स्टेअरिंग जड झालं, तर आधी पंप खोलू नकोस

जुनी पिकअप घेतलीस, चांगलं केलंस. टोमॅटो सुरू झाला, की नारायणगावच्या पट्ट्यात पिकअपला दम खायला वेळ मिळत नाही. पण स्टेअरिंग जड लागतंय म्हणतोस, आणि जो भेटेल तो तुला ‘पंप गेला, पंप टाक’ म्हणून सांगतोय. एवढ्यात पंपाला हात लावू नकोस बाळा. चांगला पंप काढून नवा बसवला आणि स्टेअरिंग होतं तसंच राहिलं, अशा गाड्या मी फार बघितल्यात. पोरांच्या हंगामाची कमाई अशी गेलेली बघवत नाही, म्हणून एवढं लांबण लावून सांगतोय.

गॅरेजला जाण्याआधी दोन दिवस फक्त लक्ष ठेव. जड कधी लागतं? गाडी उभी असताना, की चालतानाही? सकाळी गार इंजिनावर, की तासभर चालल्यावर? दोन्ही बाजूंना, की एकाच? रेस दिली की हलकं होतं का? याची उत्तरं गाडी चालवणाऱ्यालाच ठाऊक असतात. मेकॅनिकच्या दारात गाडी दहा मिनिटं उभी राहते, तेवढ्यात त्याला हे कळणार कुठून? तू नीट सांगितलंस तर त्याचं निम्मं काम झालं.

आणखी एक. स्टेअरिंग एकदम जड झालं तर कुणालाही कळतं. हळूहळू जड होत गेलं, की हात रोज थोडा जास्त जोर लावायला शिकतात आणि ड्रायव्हरला वाटतं गाडी अशीच आहे. तुझ्या आधीच्या मालकाचं तसंच झालेलं असणार. म्हणून तुझ्यासारखीच दुसरी धडधाकट पिकअप अर्धा तास मागून घे. तेवढ्याच मालावर, त्याच जागेवर, दोन्ही गाड्यांचं स्टेअरिंग काप. दोन्हीत किती फरक आहे ते मनगटाला लगेच समजतं.

पहिला तपास चाकांचा, कारण त्याला पैसे लागत नाहीत. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात हंगामात पिकअपांची रांग कशी लागते ते तू जाणतोस. वीस-वीस किलोच्या कॅरेटांची थप्पी मागे, पुढे-मागे दोन्हीकडे गाड्या, इंजिन स्लोवर, आणि जागच्या जागी स्टेअरिंग पूर्ण कापायचं. पॉवर स्टेअरिंगला याच्याहून अवघड काम नाही. त्यामुळे त्यातला थोडासा कमकुवतपणाही आधी मार्केटात दिसतो. पुणे-नाशिक रस्त्याला लागलास की काहीच जाणवत नाही. अशा वेळी पुढच्या चाकांत पाच-सात पौंड हवा कमी असली, तरी पंप गेल्यासारखं वाटतं. हवा सकाळी, टायर गार असताना तपास. किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात किंवा दाराजवळच्या पट्टीवर असतं. जुन्या गाडीला आधीच्या मालकाने रुबाबासाठी रुंद टायर घातलेत का, तेही बघ. घातले असतील तर जडपणाचं एक कारण तिथेच सापडलं.

मालाचंही तसंच. थप्पी मागच्या फाळक्याकडे जास्त झाली, की गाडीचं नाक उचलतं आणि स्टेअरिंग हलकं लागतं. त्या हलकेपणावर खूश होऊ नकोस. पुढच्या टायरांना रस्त्यावर पकड राहिलेली नसते. माळशेजला पावसात रस्ता निसरडा असतो, तिथे तू स्टेअरिंग कापशील आणि गाडी सरळ जाईल. जड माल केबिनच्या पाठीला लावून भर. कॅरेटं भरणारे कितीही घाई करोत, त्यांना तसं भरायला लाव.

आता यंत्रणा थोडक्यात समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल. इंजिनवरून एक बेल्ट पंप फिरवतो. पंप टाकीतलं ऑइल ओढतो आणि जोराच्या पाइपातून स्टेअरिंग बॉक्समध्ये दाबतो. काही गाड्यांत बॉक्सऐवजी रॅक असतो. तू स्टेअरिंग ज्या बाजूला वळवशील, त्या बाजूला आतला व्हॉल्व्ह ते दाबाचं ऑइल सोडतो. मग ऑइल परतीच्या पाइपाने टाकीत येतं. जोर बैलाचा आणि कासरा आपल्या हातात, असा हा कारभार आहे. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९२० च्या दशकात याची जुळणी केली. त्याआधी तो पिअर्स-ॲरो कंपनीत ट्रकांचं काम बघायचा, म्हणजे अवजड गाडीचं स्टेअरिंग त्याने जवळून पाहिलेलं होतं. विकायच्या मोटारीत ते पहिल्यांदा आलं १९५१ मध्ये, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. आपल्याकडच्या पिकअपला ते यायला पुढे बरीच वर्षं गेली. बिनपॉवरच्या पिकअपवर भरला माल घेऊन घाट चढलेल्या माणसांचे खांदे बघ, मग या पंपाची किंमत कळेल.

टायरनंतर ऑइल. गाडी सपाट जागी उभी कर, इंजिन बंद कर. टाकीचं झाकण उघडण्याआधी ते आणि त्याच्या भोवतीची जागा फडक्याने स्वच्छ पूस. पाणंद रस्त्याची धूळ आत पडली, तर ती थेट पंपाच्या पात्यांपर्यंत जाते. पातळी खुणेपर्यंत आहे का बघ. मग बोटावर थेंब घेऊन पांढऱ्या कागदावर टेकव. बऱ्याच गाड्यांत हे ऑइल लाल असतं. कागदावर लालसर, स्वच्छ डाग पसरला तर ठीक. काळपट असेल आणि करपल्याचा वास येत असेल, तर ऑइल म्हातारं झालंय. ते बदलून पुढचा तपास कर. चमक मारणारी बारीक धातूची कणी दिसली, तर आत काहीतरी घासतंय. दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. वर फेस असेल तर हवा गेलीये, आणि हवा दाबली जाते, त्यामुळे तुझ्या हाताला जोर मिळत नाही.

हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. पातळी उतरली म्हणजे ते कुठूनतरी बाहेर गेलंय. नुसतं भरत राहायचं आणि गाडी पळवायची, असं करू नकोस. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेव आणि सकाळी डाग कुठे पडलाय ते बघ. पाइपांचे जोड, पंपाच्या पुलीमागचं सील, स्टेअरिंग बॉक्सच्या खालचं सील, या ठरलेल्या जागा. रॅकची गाडी असेल तर दोन्ही टोकांची रबरी बुटं दाबून बघ. कधी कधी ऑइल बाहेर न पडता बुटातच साठतं. इंजिन चालू असताना जोराच्या पाइपावर हात फिरवून गळती शोधायची नाही, हे मात्र कायमचं लक्षात ठेव. त्या बारीक फटीतून सुटलेलं ऑइल कातडीतून आत घुसतं. वर टोचल्यासारखी एवढीशी खूण दिसते आणि आतून हात सडायला लागतो. तसं झालंच तर मलमपट्टी करत न बसता तडक मोठ्या दवाखान्यात जायचं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापर.

ऑइल कुठलं घालायचं ते टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तकात लिहिलेलं असतं, तेच घाल. वाटेत मिळालं नाही म्हणून ब्रेक ऑइल कधीही ओतू नकोस. दोन्ही डबे सारखेच दिसतात, पण ब्रेक ऑइलने आतली रबरी सीलं फुगतात, मऊ पडतात आणि मग पंपापासून बॉक्सपर्यंत सगळंच गळायला लागतं. कुणी चुकून ओतलंच, तर इंजिन चालू न करता सगळं काढून धुऊन घ्यायचं.

फेसाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथे भलेभले फसतात. टाकीतून पंपाकडे जाणारा पाइप ओढीचा असतो, त्यात दाब नसतो. तो चिरला किंवा त्याचा क्लॅम्प ढिला झाला, तर बाहेर थेंबही पडत नाही, उलट तो आत हवा ओढतो. बाहेरून सगळं कोरडं, टाकी भरलेली, आणि तरी स्टेअरिंग कापताना पंप ‘गुंऽऽ’ करून रडतो. असा आवाज ऐकून पंप बदलले जातात आणि दोष असतो वीतभर पाइपात. तो पाइप स्वस्त आहे, जुन्या गाडीत शंका आली की बदलूनच टाक. टाकीच्या तळाशी जाळी असेल तर तीही बघ. गाळाने ती बुजली की पंपाला ऑइलच पुरत नाही आणि आवाज तोच येतो.

आवाज ओळखायला शीक. गुंऽऽ असा घोगरा रडका आवाज ऑइल कमी असल्याचा, नाहीतर हवेचा. इंजिन चालू केल्या-केल्या किंवा स्टेअरिंग पूर्ण कापल्यावर ‘चींऽऽ’ अशी किंकाळी आली तर बेल्ट सरकतोय. पूर्ण कापून टोकाला धरल्यावर सूं असा आवाज येतो, तो दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा असतो आणि त्याची काळजी नको. मात्र टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचं नाही. ऑइल तिथल्या तिथे तापतं आणि पंपाचं आयुष्य कमी होतं. मार्केटात गाडी फिरवताना टोकाला लागलं की किंचित मागे सोड, आणि जमेल तिथे चाक थोडं तरी फिरतं ठेवून काप. ही एक सवय लावून घेतलीस तर पंप बरीच वर्षं काढेल.

बेल्ट बघताना इंजिन बंद आणि किल्ली तुझ्या खिशात हवी. दोन पुलींच्या मध्ये, लांब बाजूवर अंगठ्याने दाब. साधारण एक सेंटीमीटर दबला तर ठीक, त्याहून जास्त लवला तर ताण. बेल्टची कड काचेसारखी चकाकत असेल, तर ताणून उपयोग नाही, नवा टाक. त्याच्यावर ऑइल आलंय का बघ. आलं असेल, तर ज्या सीलमधून आलं ते आधी बदल, नाहीतर नवा बेल्टही तसाच सरकेल. साबण नाहीतर मेण चोळून आवाज बंद करायच्या फंदात पडू नकोस. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढल्यावर थोडा वेळ स्टेअरिंग जड आणि मग आपोआप ठीक, असं होत असेल तर तो ओला झालेला झिजका बेल्ट आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात चार महिने ही तक्रार चालते.

आता त्या प्रश्नांच्या उत्तरांकडे ये. स्लोवर जड आणि रेस दिली की हलकं: बेल्ट ढिला आहे, स्लो कमी ठेवलाय, किंवा पंप थकलाय. गार असताना बरं आणि तापल्यावर जड: तापलेलं ऑइल पातळ होतं आणि झिजलेल्या पंपात आतल्या आत मागे गळतं. इथे पंपावर संशय घ्यायला जागा आहे. सकाळी पहिल्या काही वळणांना जड आणि मग मोकळं, हे बहुतेक व्हॉल्व्हच्या झिजलेल्या सीलांचं लक्षण, रॅकच्या गाड्यांत जास्त दिसतं. एकाच बाजूला जड लागत असेल तर पंप सोडून दे. पंपाला डावं-उजवं कळत नाही, दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा बॉक्समध्ये असणार. तरी त्याआधी पुढच्या दोन्ही चाकांची हवा सारखी आहे का ते बघ. मधूनच जड, मधूनच हलकं होत असेल, तर पंपातला प्रवाहाचा व्हॉल्व्ह कचऱ्याने अडकत असेल. काही वेळा तो काढून साफ केला तरी काम होतं.

आणि हे सगळं सोडून, जडपणाचा ऑइलशी काही संबंधच नसेल तर? त्याची परीक्षा सोपी आहे, ती कधी चुकवू नकोस. मागच्या चाकांना दगड लाव, पुढचा भाग जॅकने उचल आणि खाली भक्कम स्टँड दे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. इंजिन बंद ठेवून, स्टेअरिंगचं लॉक उघडून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने सावकाश फिरव. चाकं अधांतरी असताना ते एकसारखं फिरलं पाहिजे. अडखळलं, करकरलं, ठरावीक जागी अडलं, तर रोग लोखंडात आहे. प्रत्येक फेरीत त्याच जागी अडत असेल तर स्टेअरिंगच्या दांड्याखालचा क्रॉस जॉइंट गंजलाय. सगळीकडे सारखंच घट्ट असेल तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट कोरडे पडलेत. एक-एक रॉड एंड सोडवून बघितलं की नेमका कुठला ते कळतं. वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही, अशी तक्रार असली तरी आधी इथेच बघ. कधी कुणीतरी प्ले काढायच्या नादात बॉक्सचा स्क्रू जास्त आवळून ठेवलेला असतो, त्यानेही असंच होतं.

सातगाव पठारावर बटाटा निघतो तेव्हा वावरातून निघालेल्या गाड्यांच्या पोटाला चिखलाची पेंड बसलेली असते. भीमाशंकरच्या अंगाला, आहुपे-राजपूरकडे, भातखाचरांचा गाळ. हा चिखल वाळला की रबरी बुटं फाटतात, पाणी आत जातं आणि जॉइंट कोरडे होतात. गाडी धुताना लोक केबिन चकचकीत करतात आणि खालचं तसंच ठेवतात. तू खालून धू. फाटलेलं बूट लगेच बदल, आणि जिथे ग्रीसचे निपल आहेत तिथे पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रीस मार.

एवढं सगळं ठीक निघालं, तरच दाबाचं मीटर लावायची वेळ येते. हे तुझं काम नाही. ज्याच्याकडे मीटर आहे अशाच मेकॅनिककडे जा. पंप आणि बॉक्सच्या मध्ये मीटर लावून तो पुढचा कॉक क्षणभर बंद करतो, पाच सेकंदांच्या आत उघडतो. तेवढ्यात पंपाचा दाब पुस्तकात दिलेल्या आकड्यापर्यंत चढला, तर पंप शाबूत आणि बॉक्स दोषी. चढला नाही, तर पंप दोषी. मीटर न लावता जो ‘पंपच गेलाय’ असं छातीठोक सांगतो, त्याला तू हे विचार, की कशावरून?

घाटाचं मात्र वेगळं सांगायला हवं. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची, काही जण तर इंजिनही बंद करतात. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. स्टेअरिंग दगडासारखं होतं, आणि ब्रेकची व्हॅक्यूमची मदतही दोन-चार पेडलांत संपते. किल्ली काढलीस तर स्टेअरिंग लॉकच होतं. माळशेज असो की अवसरीचा घाट, भरली पिकअप गिअरमध्येच उतरव. आणि चालता-चालता बेल्ट तुटला तर घाबरू नकोस. स्टेअरिंग आणि चाकांचा लोखंडी जोड तसाच असतो, गाडी वळते, फक्त जोर लागतो. दोन्ही हातांनी घट्ट धर, इंजिन बंद करू नकोस, खालचा गिअर टाकून वेग कमी कर आणि रुंद जागा बघून कडेला घे. त्याच वेळी बॅटरीचा दिवा लागला, तर तोच बेल्ट आल्टरनेटरही फिरवत होता असं समज. काही इंजिनांत पाण्याचा पंपही त्याच्यावरच असतो, तेव्हा तापमानाच्या काट्यावर नजर ठेव आणि तसंच पुढे दामटू नकोस.

रात्री असं काही झालं आणि कडेला ऊस असेल, तर तिथे गाडीखाली आडवं व्हायचं नाही. आपला मुलूख बिबट्याचा आहे, माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र उगाच नाही काढलेलं. वाकलेला, बसलेला, आडवा झालेला एकटा माणूस त्याला जनावरासारखा दिसतो. केबिनमध्ये बस, दिवे चालू ठेव, फोन लाव, आणि काम पेट्रोल पंपाच्या नाहीतर ढाब्याच्या उजेडात, दोघं-तिघं असताना कर. टोमॅटो दोन तास उशिरा पोचला तर भाव थोडा पडेल. जुलै २०२३ मध्ये कॅरेटला दोन हजारांच्या पुढे भाव गेला होता, तेव्हा पोरं रात्र-रात्र गाड्या पळवत होती. तेव्हाही मी त्यांना हेच सांगत होतो.

सगळं तपासून नवा पंप बसवायचीच वेळ आली, तर नुसता पंप बदलून घरी येऊ नकोस. जुन्या पंपाची झिजलेली कणी ऑइलमध्ये आणि पाइपांत असते, ती नव्या पंपालाही खाते. जुनं ऑइल सगळं काढून घे, टाकी आणि जाळी धुऊन घे, ओढीचा पाइप नवा टाक, पुल्या एका रेषेत आहेत का ते बघायला लाव. मग पुढची चाकं उचलून, टाकी भरून, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरव. पातळी उतरेल, भरत जा. बुडबुडे थांबले की इंजिन स्लोवर चालू कर आणि पुन्हा तसंच फिरव, टोकाला न दाबता. फेस आलाच तर इंजिन बंद करून अर्धा तास थांब, मग परत कर. पहिली फेरी रिकाम्या गाडीने मार, जुन्नरपर्यंत जाऊन परत ये. आल्यावर पुठ्ठा खाली सरकव, टाकीतली पातळी पुन्हा बघ, आणि ती उतरलेली नसेल तरच मार्केटचा माल घे.